चर्चच्या लायब्ररीत राक्षस आणि चेटकीण कशाला? – एका कमेंटला सविस्तर उत्तर

नमस्कार,

तुमची कमेंट नीट वाचली. चिडून लिहिलीये हे दिसतंय, पण मुद्दे आहेत, म्हणून नुसतं 'धन्यवाद' टाकून पुढे जात नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की चर्चच्या लायब्ररीत बायबल, भाष्यं आणि भक्तिपर पुस्तकं असावीत, आणि मी मात्र चर्चच्या लायब्ररीसाठी सुचवलेल्या पुस्तकांच्या लिस्टमध्ये राक्षस, चेटकीण, छळछावणी आणि देवावर चिडलेल्या माणसाची टिपणं घुसवली, वर 'सगळ्या वयांसाठी' असंही लिहिलं. गोष्टीच वाचायच्या तर बाहेर लायब्रऱ्या काय कमी आहेत, असंही तुम्ही म्हणालात.

राक्षसापासूनच सुरू करू. तो इंग्रज उपदेशक जॉन बन्यनच्या 'पिलग्रिम्स प्रोग्रेस' या रूपककथेतला, १६७८ सालचं पुस्तक, मराठीत 'यात्रिकक्रमण' म्हणून १८४१ मध्येच आलेलं. गंमत म्हणजे तुमचा आक्षेप खुद्द बन्यनलाही ऐकावा लागला होता, पुस्तकाच्या सुरुवातीच्या पद्यात त्याने लिहूनच ठेवलंय की काही मित्र म्हणाले छाप, काही म्हणाले अजिबात छापू नको, आणि मग तो बायबलमधल्याच रूपकांचा दाखला देऊन स्वतःची बाजू मांडतो. आणि हा काही टाइमपास म्हणून गोष्टी लिहिणारा माणूस नव्हे, परवानगीशिवाय उपदेश केला म्हणून बारा वर्षं तुरुंगात काढलेला माणूस आहे.

आता त्यातला तो किल्ल्याचा प्रसंग बघा. दोघे यात्रेकरू वाट चुकतात, निराशा नावाचा राक्षस त्यांना पकडून संशयाच्या किल्ल्यात अंधारकोठडीत टाकतो, बुधवार सकाळपासून शनिवार रात्रीपर्यंत अन्न नाही पाणी नाही, वर सोट्याने मार, आणि राक्षस सांगतो की तुमची काही सुटका नाही, त्यापेक्षा जीव देऊन मोकळे व्हा. शनिवारी मध्यरात्री ते प्रार्थनेला बसतात आणि पहाटेच्या आधी एकाच्या लक्षात येतं की अरे, वचन नावाची किल्ली तर माझ्या छातीशीच आहे इतके दिवस! ती त्या किल्ल्यातल्या प्रत्येक कुलपाला लागते. आठ-नऊ वर्षांच्या पोराला यात राक्षस दिसतो आणि सुटका दिसते. डिप्रेशनमधून गेलेल्या माणसाला तो जीव देण्याचा सल्ला ओळखीचा वाटतो. म्हाताऱ्या माणसाला बहुतेक हे दिसत असेल की किल्ली सगळा वेळ जवळच होती. 'सगळ्या वयांसाठी' म्हणताना मला हे म्हणायचंय, कोणालाच न टोचणारं पुस्तक असं नाही. तरी लहान मुलांना संक्षिप्त आवृत्तीच द्या, मूळ पुस्तकात मधे मधे चर्चा फार लांबतात आणि पोरं पळतात.

चेटकिणीचं थोडक्यात सांगतो. ती नार्निया या मुलांसाठीच्या पुस्तकमालिकेतली, आणि तिथे ती खलनायिका आहे, तिचं कौतुक कुठेच नाहीये. आणि मालिकेचा लेखक सी. एस. लुईसने त्या १९५० सालच्या पहिल्या पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेत ज्या मुलीसाठी ते लिहिलं तिला सांगितलंय की तू आता परीकथांसाठी मोठी झालीस, पण एक दिवस पुन्हा परीकथा वाचण्याइतकी मोठी होशील. वयाच्या लेबलांबद्दल याहून जास्त मला तरी काही म्हणता येणार नाही.

छळछावणीबद्दल मात्र तुमची काळजी रास्त आहे, म्हणून तर नाझींच्या छळछावणीतून वाचलेल्या डच बाई कोरी टेन बूमच्या 'द हायडिंग प्लेस' या आठवणींच्या पुस्तकापुढे मी तेरा वर्षांच्या पुढे असं लिहिलंय, तुमच्या नजरेतून ते सुटलं असावं. त्यातच एक प्रसंग आहे, लहानगी कोरी ट्रेनमध्ये वडिलांना मोठ्यांच्या विषयातला एक प्रश्न विचारते, तर ते उत्तर न देता घड्याळं आणि सुट्या पार्ट्सनी भरलेली बॅग तिला उचलायला सांगतात. तिला उचलत नाही. मग ते समजावतात की काही ज्ञानही असंच जड असतं, तू मोठी होईपर्यंत ते मी उचलतो. पुस्तक कोणाला कधी द्यायचं ते ठरवणाऱ्या प्रत्येक लायब्ररियनने हे पान वाचावं! पण तेरा-चौदाच्या मुलांना हे पुस्तक नाकारू नका हो. राफेन्सब्रुक छळछावणीच्या बराकीत पिसवांचा उच्छाद असतो, कोरीची बहीण बेट्सी म्हणते पिसवांसाठीही देवाचे आभार मानू, कोरीला ते अजिबात पटत नाही, आणि नंतर कळतं की पिसवांमुळेच पहारेकरी आत पाऊल टाकत नव्हते आणि म्हणून बायकांना तिथे बायबल वाचता येत होतं. उपकारस्तुतीवरचे कितीही उपदेश विसरतील, पोरं हे विसरणार नाहीत.

आता देवावर चिडलेला माणूस. तोही लुईसच, हे तुमच्या लक्षात आलं नसेल तर नवल नाही, कारण 'अ ग्रीफ ऑब्झर्व्ड' १९६१ मध्ये एन. डब्ल्यू. क्लर्क या टोपणनावाने आलं होतं. याच माणसाने १९४० मध्ये 'द प्रॉब्लेम ऑफ पेन' लिहून दुःख का असतं ते छान मुद्देसूद समजावलं होतं, आणि मग १९६० मध्ये बायको कॅन्सरने गेल्यावर तो लिहितो की देवाकडे गेलो तर दार तोंडावर आपटलं आणि आतून कड्या लावल्याचा आवाज आला. तुम्हाला पहिलं चालेल, दुसरं नको. मी म्हणतो दोन्ही शेजारी शेजारी ठेवा, आणि नुकतंच कोणी गेलंय अशा घरातल्या माणसाला आधी दुसरं द्या. विश्वास डळमळेल म्हणता, तर मग बायबलमधल्या ईयोबाचं काय करायचं, तो अध्यायच्या अध्याय देवाशी भांडतो. आणि स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळ नाही. तरीही ते बायबलमध्येच आहे ना, कोणी काढून नाही टाकलं. गोष्टींचंही तेच, दुसऱ्याची बायको बळकावणाऱ्या दाविद राजाला नाथान संदेष्टा थेट आरोप ऐकवत बसला नाही, गरिबाच्या एकुलत्या एक मेंढीची गोष्ट सांगितली, आणि दाविदाने चिडून स्वतःविरुद्धच निकाल दिला.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'वर तुम्ही काहीच बोलला नाहीत, बरं झालं, कारण तेही उपदेशाचं पुस्तक नाही, १८९५ मध्ये नवरा ख्रिस्ती झाल्यावर बाईंवर काय काय गुदरलं ते त्या असं सांगतात की वाचताना हसू येतं आणि लगेच गप्प व्हायला होतं.

भक्तिपर पुस्तकं लिस्टमध्ये कमी आहेत हे खरंय, ते मुद्दामच केलंय, ती बहुतेक चर्चमध्ये आधीपासून कपाटभर असतात, सुचवायला माझी गरज नाही. तरी तुमच्याकडे चांगली नावं असतील तर खाली जरूर टाका, फक्त सोबत वय लिहा, आणि त्या वयाच्या कोणीतरी ते स्वतःहून शेवटपर्यंत वाचलंय का तेही लिहा.