खुलासा: ‘९९०० एमएएच’ लिहिलेली बॅटरी जास्त दमदार नसते

“व्हेपसाठी (ई-सिगारेटसाठी) एमएएचचा (बॅटरीच्या साठवणक्षमतेचा) आकडा जितका मोठा तितकी बॅटरी दमदार आणि सुरक्षित, ९९०० एमएएचची मिळाली तर तीच घ्या,” असा मजकूर सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे, आणि त्यावर विसंबून कुणाचा तरी हात भाजेल.

व्हेपमध्ये सर्रास वापरतात ती बॅटरी ‘१८६५०’ आकाराची, म्हणजे १८ मिमी व्यास, ६५ मिमी लांबी. एवढ्याशा नळकांड्यात नामांकित उत्पादकांनाही साधारण ३५०० एमएएचच बसवता आलंय. ९९०० हा आकडा फक्त वेष्टनावर असतो. तळहातावर घेऊन बघा: खरी बॅटरी साधारण ४५ ग्रॅम किंवा जास्त भरते, नकली बरेचदा हलकी लागते.

एमएएचवरून कळतं बॅटरी किती वेळ पुरेल. ती फार न तापता सतत किती करंट देईल हे अँपिअर सांगतात, आणि व्हेपसाठी आधी बघायचं ते हेच. मेकॅनिकल मॉडमध्ये (सुरक्षा-सर्किट नसलेल्या व्हेपमध्ये) ०.२ ओहमची कॉइल (द्रव तापवणारी तार) असेल तर पूर्ण चार्ज झालेल्या ४.२ व्होल्टच्या बॅटरीतून २१ अँपिअर ओढले जातात. सॅमसंगची ३५ई ३५०० एमएएचची, पण सतत फक्त ८ अँपिअर देणारी. २५आर २५०० एमएएचची, पण २० अँपिअरची. या कॉइलला तीसुद्धा पुरत नाही! ‘पल्स’ म्हणून छापलेला मोठा आकडा काही सेकंदांपुरता असतो, तो धरू नका.

वरच्या कडेला वेष्टन फाटलेली बॅटरी वापरूच नका. बाहेरचा सगळा पत्रा ऋण, मधलं बटण धन, आणि दोन्हींत अंतर अगदी थोडं, म्हणून वेष्टन फाटलं की शॉर्टसर्किट होऊ शकतं. सुटी बॅटरी किल्ल्यांसोबत खिशात ठेवणंही तितकंच धोक्याचं.