दुधाची पिशवी कोणी विसळायची?

पुण्यात बाणेरला ज्या सोसायटीत आमची सदनिका आहे, तिथल्या रहिवाशांच्या व्हॉट्सअॅप गटावर गेल्या महिन्यात एक सूचना आली. दुधाच्या पिशव्या, दह्याचे डबे आणि हॉटेलातून मागवलेल्या जेवणाचे प्लास्टिकचे डबे सुक्या कचऱ्यात टाकण्यापूर्वी विसळून टाकावेत, एवढीच ती होती. सूचना दोन ओळींची आणि वाद आठवडाभराचा. एका गृहस्थांनी लिहिले की, टँकरचे पाणी विकत घ्यायचे आणि त्याने कचरा धुवायचा, हे शहाणपण कोणाचे आहे ते एकदा कळू द्या. एका बाईंनी विचारले की, कचरा उचलण्याचे पैसे आपण दरमहा मोजतो ते मग कशासाठी? जर्मनीत मुलाकडे सहा महिने राहून आलेल्या एका काकांनी निर्वाळा दिला की, तिकडेसुद्धा कोणी धूत नाही. मी हे सगळे तोक्योत, निशी-कासाईच्या माझ्या स्वयंपाकघरात दुधाचा रिकामा खोका कात्रीने उलगडत असताना वाचत होते. न राहवून मीही एक वाक्य लिहिले की, आम्ही इथे गेली बारा वर्षे धुतो आहोत आणि कोणाचे काही बिघडलेले नाही. त्यावर तासाभरात उत्तर आले, ‘इथे येऊन राहा, मग बोला.’

ते उत्तर मला अजून बोचते आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

पाण्याचा मुद्दा आधी निकालात काढते, कारण तो खरा मुद्दा नव्हेच. दुधाची पिशवी विसळायला अर्धी वाटी पाणी पुरते, आणि तेही नळाचे ताजे पाणी असावे लागत नाही. भांडी विसळून झाल्यावर मोठ्या पातेल्यात जे पाणी उरते, त्यात एक हिसका दिला की काम होते. साबण लावून, घासणी फिरवून पिशवी लख्ख करा असे कोणीही सांगितलेले नव्हते. ज्यांच्या गाड्या रोज सकाळी पाइप लावून धुतल्या जातात, त्यांना अर्ध्या वाटीचा हिशेब सुचावा, याचे मला नवल वाटले.

जर्मन काकांचे म्हणणे मात्र खोटे नाही. तिथे वेष्टनांच्या कचऱ्यासाठी असलेल्या पिवळ्या पिशवीत टाकायचा दह्याचा डबा चमच्याने निपटून घेतलेला असला की पुरतो, तो धुण्याची सक्ती नाही. फक्त वरचे चंदेरी झाकण ओढून वेगळे करायचे असते, म्हणजे वर्गीकरणाच्या यंत्राला डबा आणि झाकण निरनिराळे ओळखता येतात. काकांच्या नजरेतून सुटले ते यंत्र. जर्मनीत ती पिशवी फुटल्यावर डबे ओळखण्याचे मुख्य काम अवरक्त किरणांचे यंत्र करते, आणि त्याला आंबट वास येत नाही. पुण्यात कचऱ्याची पिशवी एक कचरावेचक बाई उघडते. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना 1993 मध्ये उभी राहिली आणि तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था आली, हे पुणेकरांना मी सांगण्याची गरज नाही. पण सुक्या कचऱ्यातून वेचलेला माल विकून येणारे पैसे त्या बायांच्या कमाईचा भाग असतात, हे त्या आठवडाभरात कोणीही लिहिले नाही. कोरडी, स्वच्छ पिशवी भंगारवाला किलोच्या भावाने घेतो. मे महिन्यात दुपारपर्यंत नासलेल्या दुधाने चिकटलेल्या पिशव्यांना तो भाव मिळत नाही, आणि त्यांच्याबरोबर कोंबलेला चांगला कागदही ओला होऊन वाया जातो. आपण दरमहा देतो ते पैसे दारातून कचरा नेण्याचे आहेत. आपले खरकटे हाताने चिवडण्याचे नव्हेत.

आता आमच्या तोक्योतले. आमच्या गल्लीत प्लास्टिकचा वार बुधवार. ज्या वेष्टनावर प्लास्टिकची चौकोनी खूण असते ते सगळे धुऊन, निथळून पारदर्शक पिशवीत भरायचे आणि सकाळी आठच्या आत, कावळ्यांनी चिवडू नये म्हणून लावलेल्या जाळीखाली ठेवायचे. बाटलीचे झाकण आणि कागद काढायचे, माशाचा पांढरा ट्रे धुऊन सुपरमार्केटच्या दाराशी न्यायचा, दुधाचा खोका विसळून, उभा चिरून, सपाट वाळवायचा. वेष्टनांच्या वर्गवारीचा कायदा इथे 1995 मध्ये झाला. बाटल्यांना तो 1997 पासून आणि इतर प्लास्टिकला 2000 पासून लागू झाला. चुकीची पिशवी स्टिकर लावून तिथेच सोडली जाते आणि ती कोणाची हे सगळ्या इमारतीला कळते. नवी होते तेव्हा माझी एक पिशवी अशी दोन दिवस जाळीखाली राहिली होती आणि ते दोन दिवस मी मागच्या जिन्याने ये-जा केली. एवढे सगळे करून जपानातल्या टाकाऊ प्लास्टिकचा मोठा हिस्सा शेवटी उष्णता मिळवण्यासाठी जाळलाच जातो. सोसायटीच्या गटावर हे कोणाला ठाऊक नव्हते, आणि मीही सांगायला गेले नाही.

माझी आई 2016 मध्ये दोन महिने इथे राहून गेली. तिला या कशाचेही कौतुक वाटले नाही. पहिल्याच दिवशी तिने दुधाच्या खोक्यात थोडे पाणी घालून हलवले, ते बाल्कनीतल्या कढीपत्त्याला ओतले आणि खोका पालथा घातला. तिला खटकले ते वेगळेच: मी माशाचा ट्रे आणि जेवणाची ताटे एकाच सिंकमध्ये धूत होते. ‘कचरा धुवायचा तर भांडी उचलल्यावर धू, आणि मग सिंक घास,’ असे तिने बजावले, आणि खरे सांगायचे तर इथल्या कुठल्याही पत्रकापेक्षा ती सूचना शहाणपणाची होती, कारण कच्च्या मासळीचे पाणी ताटांवर उडू देण्यात कसली आली स्वच्छता?

तिला हे शिकवावे लागले नाही, याचे कारण आमच्या कोथरूडच्या घरात आहे. ओट्यामागच्या टाइल्सवर दुधाच्या पिशव्या चिकटवून वाळवलेल्या असत. उभ्या चिरलेल्या, विसळलेल्या, निळ्या अक्षरांच्या. वाळल्या की आपोआप गळून पडत आणि आई त्या गॅसच्या शेगडीखाली दाबून ठेवी. महिन्याअखेर रद्दीवाला त्या वर्तमानपत्रांबरोबर तोलून घेई. तेव्हा शेजारीपाजारी हीच रीत होती आणि तिला कोणी पर्यावरण म्हणत नव्हते. पुढे 2018 च्या प्लास्टिकबंदीत सरकारने दुधाच्या पिशवीवर परतीचे किमान 50 पैसे छापण्याची अट घातली, पण माझ्या ओळखीतल्या एकाही घराला ते 50 पैसे मिळालेले नाहीत. आमचा रद्दीवाला मात्र रोख पैसे देत असे. मला त्या पिशव्यांची लाज वाटायची. माझ्या लग्नाची बोलणी करायला पाहुणे आले त्या दुपारी मी टाइल्सवरच्या सगळ्या पिशव्या ओरबाडून काढल्या आणि चुरगाळून डब्यात टाकल्या. आई काही बोलली नाही. पाहुणे गेल्यावर तिने त्या डब्यातून काढून पुन्हा विसळल्या.

आणि गेल्या डिसेंबरचे तर लिहायलाच हवे, नाहीतर वरच्या साऱ्या लिखाणाला अर्थ राहणार नाही. पुण्यात आईकडे होते, रात्री बाहेरून जेवण मागवले होते. जेवण झाल्यावर पनीरच्या भाजीचा तेलकट डबा मी, बारा वर्षे बुधवार सांभाळणाऱ्या मी, तसाच कचऱ्यात टाकला. आईने तो उचलला. ‘तिकडे धुतेस ना?’ तिने विचारले. मी म्हणाले, ‘इथे रोज येतात ना न्यायला.’

तोंडून निघून गेले खरे, पण सगळा उलगडा त्यातच आहे. तोक्योत मी धुते, कारण न धुतलेला डबा बुधवारपर्यंत माझ्याच सिंकखाली राहील आणि त्याला वास येईल, चिलटे येतील. आई धूत असे, कारण पिशव्या महिनाभर तिच्याच ओट्यावर राहत. बाणेरमध्ये सकाळी नऊला वास दाराबाहेर जातो आणि तो पुढे कोणाच्या नाकाशी जातो हे पाहण्याची कोणाला गरज पडत नाही. जपानी शिस्त, मराठी संस्कार वगैरे मी जे गटावर लिहिणार होते, ते त्यानंतर लिहवले नाही.

‘इथे येऊन राहा’ या वाक्यालाही मग माझ्याकडे उत्तर उरले नाही. पुण्यातून आलेले योगेंद्र पुराणिक 2019 मध्ये इथल्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले, पण त्याआधी त्यांनी जपानी नागरिकत्व घेतले होते. मी ते घेतलेले नाही, त्यामुळे इथल्या कचऱ्याच्या वारांवर मला मतदानाचा हक्क नाही. बाणेरच्या सोसायटीत तो आहे, पण वार्षिक सभेत मी एकदाही बसलेले नाही.

परवा सोसायटीच्या सचिवांचा मला स्वतंत्र निरोप आला. अतिशय सभ्य भाषेत त्यांनी कळवले होते की, सर्वाधिक वास मारणारा सुका कचरा तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्याच सदनिकेतून येतो, तरी कृपया भाडेकरूंना समज द्यावी. सोबत छायाचित्र होते: न चिरलेल्या, तळाशी दूध साचलेल्या पिशव्या आणि एक तेलकट डबा. भाडेकरू नुकतेच लग्न झालेले जोडपे आहे, दोघेही रात्री नऊच्या पुढे घरी येतात. त्यांना लिहायचा मजकूर मी दोनदा लिहून खोडला आहे.