माझे पेपर मोजू नका, वाचा

तीन दिवस झाले, संशोधकांच्या वार्षिक मूल्यमापनाचा फॉर्म भरतेय. दर वेळी सातव्या रकान्यापाशी येते आणि लॅपटॉप मिटून उठते. त्या एका रकान्यात विचारलंय: एकूण पेपर, म्हणजे शोधनिबंध, किती, त्यात फर्स्ट ऑथर किती, करस्पॉन्डिंग, म्हणजे पत्रव्यवहार सांभाळणारी ऑथर, किती, एकूण सायटेशन, म्हणजे इतरांनी आपल्या पेपरचे दिलेले संदर्भ, एच-इंडेक्स, जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर. सहा आकडे. अख्खं वर्ष या सहा आकड्यांत कोंबायचं आणि जे बसणार नाही ते घडलंच नाही असं धरून चालायचं.

गेल्या वर्षी समितीसमोर बसले होते. एका ज्येष्ठ सदस्यांनी कागदातून मान वर न करता विचारलं, "मॅडम, यंदा फर्स्ट ऑथर एकही नाही?" मी काय केलं ते सांगायला लागले, तर मध्येच म्हणाले, "ते सगळं ठीक आहे हो, पण आकडा?" माझे पेपर त्यांच्यापुढच्या फाइलमध्ये लावलेले होते. मीच प्रिंट काढून, पानांना खुणा करून दिलेले. ती फाइल जशी दिली तशीच परत आली. एक पान उलटलेलं नव्हतं. त्या दिवशी तळपायाची आग मस्तकात गेली ती आजपर्यंत खाली आलेली नाही.

म्हणून आता सांगते, त्या वर्षी मी काय केलं.

एका मोठ्या सहकार्य-प्रकल्पात आमची लॅब होती. चार गट, घशाच्या कर्करोगावरचं काम. मुख्य गटाने पेशी पाठवल्या होत्या, त्यांच्यावर औषधाचे प्रयोग चौदा महिने चालले होते, पेपरचा मसुदाही जवळजवळ तयार होता. पाठवण्याआधी मी पेशींची ओळख तपासायची म्हणून हट्ट धरला. एसटीआर प्रोफाइलिंग म्हणतात त्याला. डीएनएमध्ये ठरावीक जागी छोटे तुकडे एकामागे एक किती वेळा येतात ते मोजायचं. प्रत्येक माणसाचा नमुना वेगळा, त्यामुळे पेशी कुणाच्या ते कळतं. खर्च फार नाही, वेळही फार नाही. तरी लोक करत नाहीत.

रिपोर्ट आला. पेशी एका पुरुषाच्या ट्यूमरमधल्या म्हणून नोंदलेल्या, आणि लिंग दाखवणाऱ्या अमेलोजेनिनच्या ओळीत नुसताच एक्स. तेवढ्यावर मी थांबले नाही, कारण कर्करोगाच्या पेशींत वाय क्रोमोसोम गळूनही जातो. पण खालची ओळ वाचली आणि हात गार पडले. डी१३एस३१७ च्या जागी १२ आणि १३.३. ते १३.३, म्हणजे तेरा पूर्ण तुकडे आणि एक अपुरा, ज्याने एकदा पाहिलंय तो विसरत नाही. टीएच०१ ला ७. व्हीडब्ल्यूएला १६ आणि १८. सगळ्या ओळी जुळल्या. घशाच्या पेशी नव्हत्याच त्या, हेला होत्या. १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स नावाच्या बाईंच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून घेतलेल्या पेशी, ज्या तेव्हापासून जगभरच्या लॅबमध्ये वाढतायत आणि जरा हलगर्जीपणा झाला की दुसऱ्यांच्या फ्लास्कमध्ये शिरून तिथल्या पेशींना मागे टाकतात.

द्रव नायट्रोजनमधून त्याच पेशींच्या आणखी तीन व्हायल, म्हणजे गोठवलेल्या कुप्या, काढल्या. वितळवल्या, वाढवल्या, पुन्हा तपासल्या. तेच. मग सगळ्यात जुनी व्हायल, प्रकल्पाच्या पहिल्या आठवड्यात गोठवलेली. तीही तेच. म्हणजे पेशी आल्या तेव्हाच चुकीच्या होत्या. रात्री साडेअकराला मुख्य संशोधकांना फोन केला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाठवायला नको." चांगला माणूस. दुसऱ्या दिवशी मसुदा मागे घेतला. चौदा महिने, दोन पीएचडीच्या मुलांचं काम, सगळं बंद.

त्यातल्या एका मुलीने मला विचारलं, "मॅडम, मग माझं आता काय?" तिला मी काय उत्तर देणार होते? की बाळा, तू खोटं छापण्यापासून वाचलीस, म्हणून तुझ्या बायोडेटात शून्य पडलं?

मसुदा मागे घेतल्यावर चारही गटांतून आभाराचे मेल आले. सगळ्यांना कळत होतं काय टळलं ते. आणि फॉर्ममध्ये? या कामाचे पेपर शून्य. सायटेशन शून्य. सातवा रकाना कोरा. तीच चूक छापून आली असती तर तिसरी किंवा चौथी ऑथर म्हणून माझं नाव लागलं असतं, इम्पॅक्ट फॅक्टर चांगला दिसला असता, समितीतले सर मान डोलावून पुढच्या फाइलकडे वळले असते.

हे मी रागाच्या भरात बोलतेय असं ज्यांना वाटतं त्यांनी २०१७ साली नेदरलँड्समधल्या दोन संशोधकांनी केलेली मोजणी पाहावी. ओळख चुकलेल्या पेशींवर बेतलेले ३२,७५५ पेपर त्यांना सापडले, आणि त्यांना सायटेशन देणारे पेपर त्यांच्या अंदाजाने सुमारे पाच लाख. पाच लाख! हेला पेशी इतर संवर्धनांत शिरल्यात हे स्टॅन्ली गार्टलर यांनी १९६६ सालीच परिषदेत उभं राहून सांगितलं होतं. चुकलेल्या पेशींची आंतरराष्ट्रीय नोंदवही आहे, त्यात पाचशेहून जास्त नावं आहेत, कुणालाही फुकट बघता येते. एमडीए-एमबी-४३५ घ्या. वर्षानुवर्षं स्तनाच्या कर्करोगाच्या म्हणून वापरल्या, निघाल्या मेलानोमाच्या, म्हणजे त्वचेच्या कर्करोगाच्या. त्यांच्यावरच्या जुन्या पेपरांना मिळालेली सायटेशन्स कुणाच्या तरी एच-इंडेक्समध्ये आजही बसलेली आहेत. त्यावर बढत्या झाल्या असतील, निधी मिळाला असेल. आकडा कधी कुणाला म्हणत नाही की थांब, हे चुकलंय.

मला आकड्यांचा द्वेष नाही. माझं कामच आकड्यांचं आहे. म्हणून तर चीड येते! प्रयोगशाळेत कुणी मला म्हणालं की हा आकडा काय मोजतो ते माहीत नाही पण यावर निष्कर्ष काढूया, तर त्याला मी दाराबाहेर काढीन. आणि तेच लोक समितीच्या खुर्चीत बसले की नेमकं तेच करतात. एच-इंडेक्स हा २००५ साली होर्हे हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवलेला आकडा. वीस असेल तर अर्थ इतकाच की तुमच्या वीस पेपरांना प्रत्येकी निदान वीस सायटेशन्स आहेत. तुम्ही पहिले ऑथर की अठरावे, हे त्यात नाही. ते सायटेशन कौतुकाचं की "हा निष्कर्ष चुकीचा निघाला" असं सांगणारं, हेही नाही. आणि तो आपोआप कधी कमी होत नाही! काम सोडून दहा वर्षं घरी बसा, वाढेल तर वाढेल, उतरणार नाही.

इम्पॅक्ट फॅक्टरची गोष्ट आणखी वाईट, कारण तो माणसाचा आकडाच नाही. तो जर्नलचा. मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना यंदा सरासरी किती सायटेशन्स मिळाली, एवढाच हिशोब. सरासरी खेचतात मूठभर लेख, बाकीच्यांना त्याहून कितीतरी कमी मिळतात. युजीन गारफील्ड यांनी १९५५ साली सायटेशनच्या सूचीची कल्पना मांडली ती संशोधकांना साहित्य शोधता यावं म्हणून. त्या सरासरीवरून माझी लायकी ठरवणं म्हणजे वर्गाच्या सरासरीवरून एका मुलाला पास-नापास करणं.

एकूण सायटेशन्स म्हणाल तर ऑलिव्हर लॉरी यांचा १९५१ सालचा पेपर बघा, प्रथिनं मोजायची पद्धत. तीन लाखांहून जास्त सायटेशन्स. विज्ञानाच्या इतिहासात सगळ्यात जास्त म्हणून तो ओळखला जातो. खुद्द लॉरींनी लिहून ठेवलंय की तो काही फार थोर पेपर नव्हे. उपयोगी पद्धत होती, सगळ्यांना लागली, सगळ्यांनी नाव घेतलं. माझंही तसंच झालंय, माझ्या मापाने. ज्या पेपरमध्ये मी फक्त प्रोटोकॉल दिला आणि एक तक्ता केला, त्याला सगळ्यात जास्त सायटेशन्स. ज्यावर सहा वर्षं घातली, ज्यातलं एकेक वाक्य मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकते, त्याला एकोणीस. समितीला त्यातला कुठला माझा, हे विचारायचीही गरज वाटत नाही.

सहकार्याचं तर बोलूच नका. जैववैद्यकात एकट्याने काही होत नाही. रुग्णांचे नमुने एकाकडे, मायक्रोस्कोप दुसऱ्याकडे, सांख्यिकी तिसऱ्याकडे. निधी देणारे पहिल्या पानापासून सहकार्य, सहकार्य म्हणून मागे लागतात, आणि मोजायची वेळ आली की पहिलं नाव आणि शेवटचं नाव, मधले सगळे गेले वाऱ्यावर. कुणी काय केलं हे नोंदवायला क्रेडिट नावाची पद्धत आहे, चौदा भूमिका ठरवून दिलेल्या आहेत, कित्येक जर्नल्स पेपरखाली त्या छापतातही. "पडताळणी" ही त्यातली एक. माझ्या नावापुढे ती किती ठिकाणी आहे! फॉर्ममध्ये तिला जागा नाही. उलट पेपर पाठवायच्या आदल्या रात्री मेल येतो की आणखी दोन नावं घालायची आहेत, आणि ती दोन माणसं मी एकाही मीटिंगला पाहिलेली नसतात. त्यांच्या रकान्यात तो पेपर माझ्याइतकाच मोजला जातो. छापण्याआधी पेपर तपासणारा रिव्ह्यूअर स्वतःचे पाच पेपर साइट करायला लावतो, तेही मोजलं जातं.

आणि वर या वेळी माझ्या प्रोफाइलमध्ये दुसऱ्याच कुणाचे अकरा पेपर येऊन चिकटले. आडनाव एक, आद्याक्षर एक, विषय हाडांची शस्त्रक्रिया. संशोधकाची ओळख पटवणारा सोळा आकडी ऑर्किड क्रमांक मी कधीचा घेतलाय, तरी हे. ते पेपर काढून टाकले तर माझा एच-इंडेक्स दोनने उतरला. ऑफिसमधून फोन, "मॅडम, कमी कसा झाला? कारण लिहून द्या." वाढला असता तर कुणी कारण मागितलं नसतं.

सगळ्यात जास्त संताप कशाचा येतो सांगू? आमच्या संस्थेने डोरावर सही केलेली आहे. २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोत पेशीजीवशास्त्रज्ञांच्या बैठकीत सुरू झालेला तो जाहीरनामा. माणसाचं काम जोखायला जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर वापरू नका, हे त्यात पहिल्याच शिफारशीत लिहिलंय. सहीचा फोटो आमच्या कॉरिडॉरमध्ये फ्रेम करून लावलाय. त्याच्याखालून चालत जाऊन लोक सातवा रकाना तपासायला बसतात.

या वर्षी फॉर्मच्या तळाशी "इतर योगदान, ५० शब्दांत" असा एक चौकोन आलाय. त्यात मी लिहिलं: प्रकल्पातील पेशींची ओळख तपासली, त्या हेला असल्याचं चार स्वतंत्र व्हायलवर सिद्ध केलं, चुकीचा पेपर छापला जाण्याआधी थांबवला. "सबमिट" दाबलं. चौकोन लाल झाला. डीओआय, म्हणजे छापलेल्या पेपरचा ओळख क्रमांक, भरणं आवश्यक आहे. जो पेपर मी थांबवला त्याचा डीओआय मी कुठून आणू?

शुक्रवारी समिती आहे. एसटीआरचा रिपोर्ट दोन पानांचा आहे. त्याच्या पाच प्रती काढल्यात, १३.३ च्या ओळीवर पिवळा मार्कर फिरवलाय. सगळ्यांच्या हातात एकेक देणार आहे आणि ती दोन पानं त्यांची वाचून होईपर्यंत त्या खोलीतून हलणार नाही.