तीमथ्याला निर्भयपणे राहू द्या

मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघात काम करणारी मुलं-मुली भेटली की थोड्या वेळाने एकच गोष्ट निघते. "ताई, मी या सेवेला लायक नाही असं वाटतं." कोणी संडे स्कूल घेतं, कोणी उपासनेत गायन चालवतं, कोणी पाळकांचं शिक्षण देणाऱ्या सेमिनरीतून नुकताच बाहेर पडून लहानशा मंडळीत पाळक म्हणून रुजू झालेला असतो. संदेशाच्या, म्हणजे प्रवचनाच्या, आदल्या रात्री झोप लागत नाही. संदेश झाला की घरी जाऊन यूट्यूबवर नावाजलेल्या प्रचारकांना ऐकायचं आणि आपण किती कमी पडलो ते मोजत बसायचं.

अशा वेळी आम्ही मोठी माणसं पंडिता रमाबाईंचा दाखला देतो. हिब्रू-ग्रीक शिकून त्यांनी सगळं पवित्र शास्त्र (बायबल) मराठीत आणलं. नाहीतर ना. वा. टिळकांचं नाव घेतो, ज्यांची गीतं आजही आपल्या उपासनेत गायली जातात. दोघांविषयी माझ्या मनात फार आदर आहे. पण ज्याचे पाय वेदीपाशी उभं राहताना लटपटतात, त्याच्यासमोर एवढी मोठी नावं ठेवली की तो आणखीच खचतो. मला वाटतं, त्याला आधी बायबलमधली, ग्रीसमधल्या करिंथ शहराची मंडळी दाखवावी.

करिंथात येशूचा प्रेषित पौल दीड वर्ष राहिला, मंडळी उभी केली. पण तिथे आपण कसे आलो होतो हे तो स्वतःच त्यांना पहिल्या पत्रात लिहितो: अशक्त, भयभीत आणि थरथर कापत. पौल! दुसऱ्या पत्रातून तर असंही कळतं की याची पत्रं वजनदार, पण समोर आला की माणूस दुबळा आणि बोलणं टाकाऊ, असं काही जण त्याच्याविषयी म्हणत. त्यातच अपुल्लोस तिथे येऊन गेलेला, मोठा वक्ता, शास्त्रात निपुण. लगेच मंडळीत गट पडले, मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा. कोण छान बोलतो यावरून माणसं तोलण्याची सवय यूट्यूबने आणलेली नाही, तरुण मित्रांनो, ती तेव्हाही होती.

आणि अशा मंडळीत पौल कोणाला पाठवतो? आपला तरुण सहकारी तीमथ्य याला. वयाने तरुण, पोटाचा त्रास, वरचेवर आजारपण, स्वभावानेही बहुधा बुजरा. पहिल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायात, निरोप आणि सलामांच्या गर्दीत, पौल करिंथकरांना सांगतो की तीमथ्य आला तर त्याला तुमच्यात निर्भयपणे राहता येईल असं बघा, तो माझ्यासारखंच प्रभूचं काम करतो, कोणी त्याला तुच्छ मानू नये. "कोणी तुझे तारुण्य तुच्छ मानू नये" हे वचन आपण तरुणांच्या प्रत्येक शिबिरात ऐकवतो, बॅनरवरही छापतो. पण ते तीमथ्याला सांगितलेलं आहे. सोळाव्या अध्यायातलं सांगणं मंडळीला आहे, आणि कमिटीच्या बैठकीत ते वाचलेलं मी कधी ऐकलं नाही. तरुण सेवकाची भीती कमी करणं हे मंडळीचं काम आहे, असं पौल सरळ लिहून मोकळा झालाय.

आपल्याकडे काय होतं? एका मुलीने पहिल्यांदा संदेश दिला. हातातला कागद इतका हलत होता की माइकमधून त्याची फडफड ऐकू येत होती, पण तिने उताऱ्याचा अर्थ नीट उलगडून सांगितला. उपासना संपल्यावर दारातच, चपला घालणाऱ्या सगळ्यांसमोर, एका ज्येष्ठांनी तिला थांबवून एका नावाचा उच्चार सुधारायला लावला. आणखी दोघे हसले. चूक खरी होती, मी नाकारत नाही. पण पुढचे कित्येक महिने ती मुलगी उभी राहिली नाही, हे मला अजून डाचतं. अपुल्लोसाची शिकवणही अपुरी होती ना? प्रिस्किल्ला आणि अक्विला या पौलाच्या सोबती जोडप्याने त्याला सभास्थानात सगळ्यांपुढे उभं नाही केलं. त्याला आपल्याकडे नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावला.

तरुणांना एक गोष्ट मात्र मोकळेपणाने सांगते. लायक नसल्याची भावना वेगळी आणि तयारी नसणं वेगळं. शनिवारी रात्री अकराला उतारा उघडला तर रविवारी छातीत धडधडणारच, तिला नम्रता म्हणू नका. आठवडाभर तोच एक उतारा वाचा, मोठ्याने वाचा, आईला किंवा मित्राला समजावून बघा. प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर "विचारून सांगतो" म्हणा आणि खरंच विचारून सांगा. वर्गणीचा पैसा हातात असेल तर हिशेब लिहून ठेवा. दुःखाच्या घरी जायची सगळ्यात जास्त भीती वाटते, काय बोलायचं म्हणून. बायबलमधल्या, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री नुसते जमिनीवर त्याच्याजवळ बसून होते. त्यांचं बिघडलं ते बोलायला लागल्यावर. तेव्हा जा, बसा, पाण्याचा तांब्या भरून द्या, निघताना छोटी प्रार्थना करा.

एवढं सगळं करूनही भीती राहील. शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारा त्रास, काढला जावा म्हणून पौलाने तीनदा विनंती केली होती. काटा राहिला, आणि उत्तर मिळालं की माझी कृपा तुला पुरे आहे. त्यामुळे भीती आहे म्हणून सेवेसाठी देवाचं पाचारण (बोलावणं) नाही, हा हिशेब मला पटत नाही. राजीनाम्याचा मेसेज टाइप करून ठेवलेले दोघे-तिघे माझ्या ओळखीत आहेत. तो पाठवण्याआधी ज्यांच्यावर विश्वास आहे अशा एका मोठ्या माणसाकडे जाऊन बसा. तसं कोणी नसेल तर मला इनबॉक्समध्ये लिहा, रात्री उशिरा का होईना उत्तर देईन.

आणि पाळकसाहेब, कमिटीचे वडील, मावश्या, काका, तुम्हाला हात जोडून विनंती. येत्या रविवारी करिंथकरांच्या पहिल्या पत्रातल्या सोळाव्या अध्यायाचं दहावं आणि अकरावं वचन उपासनेत वाचून दाखवा. मग आपल्या मंडळीतला तीमथ्य कोण आहे ते बघा आणि त्याला घरी जेवायला बोलवा. सुधारायचं काही असेल तर जेवण झाल्यावर, दार लावून सांगा.