इटलीला जाताय? जरा वळण लावून या

व्हिसा आला, बॅगा भरून झाल्या, मेतकुटाची पाकिटं कपड्यांच्या घडीत सरकवली. आता निघण्यापूर्वी एकच गोष्ट मनाशी पक्की करा: पैसे आपण मोजलेत, तेव्हा बदलायचं असेल तर इटलीनं बदलावं.

सुरुवात सकाळच्या कॉफीपासून करा. तिथे कॉफीच्या दुकानाला 'बार' म्हणतात. सोबतच्या मावशींना पाटी वाचू देऊ नका, नाहीतर सकाळी आठालाच उलट्या पावली हॉटेलवर जातील. आत गेल्यावर दिसेल की इटालियन माणूस काउंटरला टेकून दोन घोटांत कॉफी संपवतो आणि चालू लागतो. तुम्ही तसं अजिबात करू नका. सरळ चौकातली, कारंजं दिसेल अशी खुर्ची पकडा. भिंतीवर दरपत्रक असतं आणि त्यात 'बांको' आणि 'ताव्होलो' असे दोन रकाने असतात, म्हणजे उभ्यानं पिण्याचा भाव वेगळा, बसून पिण्याचा वेगळा. त्याकडे ढुंकूनही बघायचं नाही. बिल आल्यावरच आश्चर्य वाटलं पाहिजे. व्हेनिसच्या सान मार्को चौकात बसलात आणि शेजारी वाद्यवृंद वाजत असेल, तर त्या वाजण्याचे पैसेही बिलात लागतात. 'आम्ही ऐकतच नव्हतो' हा मुद्दा तिथे जरूर मांडा.

जेवणावर काप्पुचिनो मागवायला विसरू नका. भरल्या पोटी एवढं दूध बाधतं अशी इटालियनांची ठाम समजूत आहे, त्यामुळे वेटरच्या चेहऱ्यावर एक सूक्ष्म वेदना उमटते. उमटू द्या. कोजागरीला मध्यरात्री आटीव दूध ओरपणारी माणसं आपण, आपल्याला कसली बाधा! 'लाते' मात्र मागू नका, हे मी अनुभवानं सांगतो. मिलानच्या एका बारमध्ये मी मोठ्या ऐटीत 'उन लाते' म्हणालो आणि समोर ग्लासभर दूध आलं. लाते म्हणजे दूधच. कॉफी हवी तर तसं म्हणावं लागतं. चारचौघांत तो ग्लास मी तालमीतून आलेल्या माणसासारखा उभ्यानं रिचवला.

जेवणाच्या बाबतीत आपली तत्त्वं सोडायची नाहीत. 'आम्ही शुद्ध शाकाहारी' हे वेटरला मराठी, हिंदी आणि हातवारे अशा तिन्ही भाषांत सांगा. हातवारे त्याला समजतील, त्याची ती मातृभाषाच आहे. मग 'पेपेरोनी' दिसला की अमेरिकन पिझ्झावरचं मांस समजून किंचाळून तो पदार्थ रद्द करा. इटलीत पेपेरोनी म्हणजे बिचारी ढोबळी मिरची, पण चौकशी करणं आपल्या शानेत बसत नाही. आणि त्या मिरचीचा विटाळ टळल्याच्या आनंदात पास्त्यावर परमेजान चीज भरभरून किसून घ्या. अस्सल पार्मिज्यानो रेज्यानो वासराच्या जठरातलं रेनेट घालून विरजतात, ही बातमी कुणी सांगू लागलं तर विषय बदला. बिलात माणशी एक-दोन युरो 'कोपेर्तो' दिसेल. ते टेबल मांडल्याचे, ब्रेड ठेवल्याचे पैसे. 'ब्रेडला आम्ही हातही लावला नाही' यावर वीस मिनिटं सहज निघतात. मागच्या टेबलावरचे लोक निवांत असतात. त्यांचं जेवण दोन तास चालणार असतं.

हॉटेलात जायचंच नसेल तर पायऱ्या आहेतच. रोमच्या स्पॅनिश पायऱ्या म्हणजे डबा उघडायला देवानंच घडवलेली जागा. २०१९ पासून तिथे बसायलाही बंदी आहे आणि दंड ४०० युरोंपर्यंत जाऊ शकतो, पण लसणीच्या चटणीचा वास सुटला की पोलीस शिट्टी वाजवत स्वतःहून भेटायला येतात. एवढी आपुलकी दुसरीकडे कुठे! तहान लागली तर बाटलीबंद पाणीच घ्या. रोमभर गल्लोगल्ली 'नासोनी' नावाचे बिडाचे नळ १८७४ पासून फुकट गार पाणी देतायत. तोटीचं तोंड बोटानं दाबलं की वरच्या भोकातून पिण्याजोगी धार उडते. पण फुकटच्या वस्तूवर आपण कुठे विश्वास ठेवतो?

कलोसियमच्या भिंतीवर नाव कोरायची हुक्की येईल. २०२३ मध्ये एका प्रवाशानं किल्लीनं स्वतःचं आणि प्रेयसीचं नाव कोरलं आणि नंतर माफीपत्रात लिहिलं की वास्तू एवढी जुनी आहे हे ठाऊकच नव्हतं. आपल्या गडकोटांवर बदामात बाण काढणाऱ्यांना एवढी सबबही कधी द्यावी लागली नाही.

आता न्हाणीघर. पॅरिस-स्वित्झर्लंड करून आला असाल तर 'हे लोक कागदानं कसं भागवतात' यावर बसमध्ये आठवडाभर चर्चा झालेली असेलच. इटलीत कमोडशेजारी आणखी एक बुटकं भांडं दिसेल, त्याला नळही असेल. त्याचं नाव बिदे. प्रत्येक घरात निदान एक तरी असावं असा सरकारी आदेश १९७५ मध्ये निघाला होता. म्हणजे ज्यासाठी तुम्ही आठवडाभर तळमळलात ते हेच. त्यात मोजे भिजत घाला.

शेवटी गाडी. भाड्यानं घ्या आणि फ्लोरेन्सच्या जुन्या भागात थेट घुसवा. लाल वर्तुळ आणि 'झेडटीएल' अशी अक्षरं असलेला फलक लागेल, म्हणजे परवाना नसलेल्या गाड्यांना मज्जाव. बऱ्याच शहरांत अशा वेशीवर 'व्हार्को आत्तिव्हो' असंही झळकतं. अर्थ: फाटक चालू आहे. आपल्याकडे चालू म्हणजे उघडं, तिकडे चालू म्हणजे कॅमेरा. हॉटेल सापडेना म्हणून तुम्ही त्या वेशीतून तीन प्रदक्षिणा घाला. कुणी अडवणार नाही, शिट्टी वाजणार नाही.

मग घरी परतल्यावर काही महिन्यांनी, फोटो दाखवून शेजारी दमलेले असताना, पोस्टमन इटलीचं रजिस्टर्ड पाकीट घेऊन येईल. सही करून घ्या आणि त्याला चहा विचारा. अजून दोन आणायचीत त्याला.