झाकली मूठ

आमच्या घरात आईचं लोखंडी कपाट आहे. आई गेली, कपाट राहिलं. नौपाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत ते असं काही उभं आहे की घरात कपाट आहे की कपाटाभोवती घर बांधलंय, हे पाहुण्यांना पटकन कळत नाही. त्या कपाटाची मूठ हा आमच्या घरातला नाजूक विषय. एके काळी तिच्यात तोंड बघून आई कुंकू लावायची म्हणे. आता क्रोमचे पोपडे निघून ती खरूज झालेल्या कुत्र्यासारखी दिसत होती.

मेहुणीच्या मुलीचं लग्न ठरलं आणि केळवण आमच्याकडे. बायको म्हणाली, "अहो, ती मूठ तेवढी बदलून टाका. साठ रुपयाला मिळते."

अण्णांनी पेपरातून डोकं वर न काढता निकाल दिला, "कपाट तिचं, मूठ तिची. बदलायची नाही."

बायको आणि वडील यांच्यामध्ये सापडलेल्या माणसाला तिसरा मार्ग शोधावा लागतो. माझा तिसरा मार्ग होता मुलामा.

आधी मी सरळमार्गी माणसासारखा वागळे इस्टेटमध्ये गेलो. एमआयडीसीची पहिली वसाहत आपल्या ठाण्याची, तिथे एका मुठीला कोण नाही म्हणणार? प्लेटिंगवाल्याने मूठ हातात घेऊन उलटीसुलटी केली.

"किती पीस?"

"एक."

पंगतीच्या आचाऱ्याला एका पुरीची ऑर्डर द्यावी, तसा त्याचा चेहरा झाला. "साहेब, एका जॉबसाठी टाकी लावत नाही. शंभर आणा."

शंभर मुठी म्हणजे शंभर कपाटं, म्हणजे नौपाडा, पाचपाखाडी आणि निम्मं घंटाळी पालथं घालून लोकांच्या आयांची कपाटं सोलायची. मूठ खिशात घालून परत आलो आणि ठरवलं, घरीच करू. त्यात असं काय आहे? एका भांड्यात पाणी, पाण्यात मोरचूद (तांब्याचा निळा क्षार), एका बाजूला तांब्याचा तुकडा, दुसऱ्या बाजूला आपली वस्तू. तांब्याला अधिक, वस्तूला उणे. वीज सोडली की तांबं तिकडून निघतं आणि इकडे येऊन बसतं. 1805 साली इटलीत ब्रुन्यातेल्ली नावाच्या गृहस्थाने व्होल्टाच्या बॅटरीवर चांदीच्या पदकांना सोन्याचा मुलामा दिला होता. त्याच्याकडे साधा मोबाइलचा चार्जरसुद्धा नव्हता. (त्याच्या घरी गॅलरी होती का आणि तिथे धुणं वाळत असे का, हा प्रश्न मला पुढे फार छळणार होता.)

जांभळी नाक्यावर मोरचूद मागितलं तर दुकानदार म्हणाला, "द्राक्षाची बाग आहे वाटतं?" मोरचूद आणि चुना मिसळून बागाईतदार बोर्डो मिश्रण फवारतात, म्हणून त्याचा तो प्रश्न. मी म्हटलं, "नाही, दुसऱ्या मजल्यावर राहतो." त्याने पुढे काही विचारलं नाही, पण सुट्टे पैसे देताना माझ्या बोटांना आपली बोटं लागणार नाहीत याची काळजी घेतली.

बॅटरीच्या दुकानातून बॅटरीचं पाणी आणि थोडं ॲसिड आणलं. एसी दुरुस्त करणाऱ्या पोराकडून हातभर तांब्याची नळी मिळाली. लिटरला 200 ग्रॅम मोरचूद विरघळवलं, त्यात ॲसिड ओतलं. ॲसिड पाण्यात, पाणी ॲसिडमध्ये कधीही नाही, हे शाळेतल्या सरांनी छडीच्या साक्षीने शिकवलेलं होतं, ते चाळीस वर्षांनी कामाला आलं. पांढऱ्या बादलीत असं सुंदर निळं पाणी तयार झालं की पाच मिनिटं मी नुसता बघत बसलो.

मुठीवर एकदम प्रयोग नको, म्हणून आधी एक जुनी लोखंडी बिजागरी घेतली. पाण्यात सोडली मात्र, दोन सेकंदांत गुलाबी झाली! मी ओरडलोच. अख्खं घर गॅलरीत गोळा झालं. मुलगी नववीत आहे. ती म्हणाली, "बाबा, चार्जर अजून लावलाच नाहीये."

खरंच की. बटण बंदच होतं.

"ही विस्थापन अभिक्रिया आहे," ती म्हणाली. "लोखंड विरघळतं, त्याच्या जागी तांबं बसतं. आमच्या पुस्तकात खिळ्याचं चित्र आहे." मग तिने बिजागरीवरून बोट फिरवलं. तांबं बोटावर आलं, बिजागरी जशीच्या तशी. विजेशिवाय बसलेलं हे तांबं म्हणजे भिंतीवर चिकटलेली धूळ. त्यावर वरून कितीही चांगलं तांबं चढवा, सगळं साल निघाल्यासारखं निघून येतं. लोखंडाला आधी निकेलचा पातळ हात द्यावा लागतो, मग तांबं.

निकेल कुठून आणायचं? अण्णांच्या डब्यात साठच्या दशकातले काही एक रुपये आहेत, निकेलचे, चुंबकाला टपकन चिकटणारे. मी डब्याकडे नुसतं बघितलं तर अण्णा म्हणाले, "नाणं नष्ट करणं गुन्हा आहे. 2011 चा कायदा." माझ्या वडिलांना औषधांच्या वेळा लक्षात राहत नाहीत, कायद्यांची सालं राहतात. मग कुणीतरी सुचवलं, स्टीलचा चमचा लावा. तेवढं मात्र मी केलं नाही. स्टेनलेस स्टील अधिकच्या टोकाला लावलं की त्यातलं क्रोमियम अत्यंत विषारी रूपात पाण्यात उतरू शकतं. मी हौशी आहे, पण घरात चार माणसं आहेत. लोखंडाचा नाद तूर्त सोडला आणि सरावासाठी पितळेकडे वळलो. पितळ या पाण्यात गुण्यागोविंदाने नांदतं.

देवघरातली पितळी पळी उचलली. "देवाला खोटं तांबं दाखवतोस?" अण्णा म्हणाले. पण तोवर पळी बादलीत गेली होती आणि या वेळी चार्जर चालू होता. दहा मिनिटांत पळीच्या कडांवर काळी काजळी धरली, मध्ये काहीच नाही. तव्यावर विसरलेल्या पोळीसारखी कड करपलेली आणि पोट कच्चं. कारण करंट. विजेलासुद्धा टोकं आणि कडा आवडतात, ती तिथेच गर्दी करते. जास्त सोडली की तांबं नीट बसायच्या ऐवजी भुकटी होऊन लोंबतं. एका चौरस डेसिमीटरला दोन अँपिअरच्या आसपास, असा काहीसा हिशोब असतो. चार्जरला हा हिशोब कोण सांगणार? शेवटी लॅमिंग्टन रोडवरून करंट बांधून देणारा पॉवर सप्लाय आणला. साठ रुपयांच्या मुठीचा एकूण खर्च तोवर किती झाला हे मी बायकोला सांगितलेलं नाही, आणि ती हा लेख वाचणार आहे, म्हणून इथेही सांगत नाही.

आता पळीचं क्षेत्रफळ काढायचं. पळी ही क्षेत्रफळ काढण्यासाठी बनवलेली वस्तू नव्हे. कागद गुंडाळून, कापून, आलेखाच्या वहीवर ठेवून चौकोन मोजले. नववीत जे कधी जमलं नाही ते मी पळीसाठी केलं.

या वेळी रंग आला. गुलाबी, एकसारखा, मऊ. पण मधोमध एक डाग. भिंगातून बघितलं तर तो डाग नव्हता, माझ्या उजव्या अंगठ्याचा ठसा होता. एकेक रेघ मोजून घ्यावी इतका स्वच्छ. बँकेतलं यंत्र गेली दोन वर्षं माझा अंगठा ओळखत नाही. दर वेळी "पुन्हा प्रयत्न करा" म्हणतं. तांब्याने पहिल्या प्रयत्नात ओळखला.

"घासली होती का नीट?" बायकोने विचारलं.

"चिंचेने घासली, पीतांबरीने घासली."

"मग हातात धरून नेली असेल."

तिने पळी घेतली, पुन्हा घासली, नळाखाली धरली आणि तिरपी करून उजेडात बघितली. "हे बघा, पाणी मण्या-मण्यांनी थांबतंय. म्हणजे तेलकट आहे. ताटं घासताना दिसतं ना? पाणी सगळीकडे सपाट पसरलं पाहिजे, मधे कुठे फुटता कामा नये." अंगाला बादलीतलं पाणीही न लागू देता तिने ते दोन वाक्यांत सांगितलं. नंतर मला कळलं, कारखान्यांतही हीच परीक्षा घेतात; जॉब पाण्यातून काढायचा, पाणी फुटलं तर परत धुवायला. पंचवीस वर्षं ही परीक्षा आमच्या मोरीत दिवसातून दोनदा होत होती आणि मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत होतो.

त्यानंतर मी घासण्याचा माणूस झालो. आमच्या लहानपणी घंटाळीत कल्हईवाला यायचा. तो भांड्यात उभा राहून, भिंतीला धरून, कमरेत गिरक्या घेत पायांनी भांडं घासायचा. आम्ही पोरं हसायचो. नवसागर, कापूस, कथील, तो धूर आणि आतून एकदम उजळलेलं पातेलं, हा सगळा तमाशा दोन मिनिटांचा. नाच मात्र अर्धा तास. मुलाम्याचंही तेच. वीज सोडणं हे अक्षता टाकण्याइतकं काम, त्याआधीची सगळी धावपळ घासण्याची. सोडा, सौम्य ॲसिड, मध्ये मध्ये स्वच्छ पाणी, हातात मोजे, डोळ्यांवर चष्मा, आणि वस्तू तारेने धरायची. तिसऱ्या दिवशी पळी अशी निघाली की अण्णांनी तिच्याकडे बघून फक्त "हं" केलं. आमच्या घरात "हं" म्हणजे सुवर्णपदक.

मात्र त्याच दिवशी दुसरं एक प्रकरण झालं. अण्णा आपली बंडी स्वतः धुतात आणि शेवटी निळीत बुडवतात. गॅलरीत निळी बादली दिसली. त्यांनी बंडी बुडवली, पिळली आणि दोरीवर टाकली. हात कसे चुरचुरताहेत म्हणाले तेव्हा मी पळत जाऊन त्यांचे हात नळाखाली धरले. हात वाचले. बंडी आम्ही विसरलो. निळीनंतर कपडा पुन्हा धुवायचा नसतो. त्यामुळे ॲसिड सुताबरोबरच निवांत वाळलं. दोन दिवसांनी अण्णांनी बंडी डोक्यातून घातली तर हात बाहीतून न येता छातीतून आला.

तेव्हापासून बादलीवर झाकण आहे, आणि झाकणावर मुलीने काढलेली कवटी. ते पाणी मोरीत ओतता येत नाही. तांबं माशांचा काळ आहे आणि आमचं गटार शेवटी कुठल्या खाडीला जातं ते ठाणेकराला सांगायला नको. धुण्याचा सोडा घालून तांबं खाली बसवायचं, तो गाळ वेगळा ठेवायचा, असा मार्ग आहे. तो गाळ एका बाटलीत जमा होतोय. सोसायटीच्या सेक्रेटरींनी जिन्यात गाठून विचारलं, "तुमच्याकडे काहीतरी चाललंय म्हणे." मी म्हटलं, "केळवण आहे."

निकेल मिळालं नव्हतंच, तरी केळवणाच्या आदल्या दिवशी खऱ्या मुठीची पाळी आली. धुतली, पाणी फुटत नाही हे तपासलं, तारेला लावली, पाण्यात सोडली. लगेच बुडबुडे. एवढे बुडबुडे की सोडावॉटर वाटावं. बाहेर काढली तर जिथे जिथे क्रोम उडालं होतं तिथे तिथे खड्डे. मुलीने चुंबक आणून लावला. चिकटला नाही. लोखंडी कपाटाची मूठ लोखंडाची नव्हतीच! वागळे इस्टेटच्या त्या माणसाला फोन केला. तो हसला. "जस्ताचं डायकास्टिंग आहे साहेब. ॲसिडच्या टाकीत टाकलं की खाऊन टाकतं. त्याला आधी सायनाइड कॉपर मारावं लागतं."

फोन स्पीकरवर होता. "सायनाइड" हा शब्द स्वयंपाकघरापर्यंत गेला, आणि तिथून काहीच आवाज आला नाही. तो न आलेला आवाज मी अजून ऐकतोय.

संध्याकाळी साठ रुपयाची मूठ आणायला निघालो तर दुकान बंद. कपाट पकडीने उघडायचं ठरलं. पण एवढं शिकून काहीच दाखवायला नाही? मला कपाटाची किल्ली दिसली. पितळी. निदान किल्ली तरी चमकू दे. रात्री दहाला तिला तारेने लावली, करंट बांधला. तासाला साधारण 26 मायक्रॉन तांबं बसतं, अर्ध्या तासाचं काम. आरामखुर्चीत जरा डोळे मिटले.

उघडले तेव्हा सात वाजले होते. नऊ तास. पाव मिलिमीटर तांबं, आणि दात्यांच्या टोकांवर त्याहूनही जास्त, कारण विजेला टोकं आवडतात. किल्ली देखणी होती. गुलाबी, गुबगुबीत, बारशाच्या बाळासारखी. कुलुपात मात्र शिरेना.

"आहेराची साडी काढा," बायकोने आतून सांगितलं. "आणि तुमचा नवा झब्बा."

"दुसरी किल्ली कुठे आहे?"

"कपाटात. आतल्या खणात."

पाहुणे साडेअकराला येणार होते. अण्णा उठले, आपल्या हत्यारांच्या डब्यातून पॉलिश पेपर काढला, माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "घास."