वजनाचा रकाना

माहितीपत्रकात लिहिलं होतं, 'सर्व पातळ्यांच्या स्कीपटूंसाठी आदर्श गाव.' ते वाचून मी उत्साहात जाहीर करून टाकलं की यंदा सगळे मिळून आल्प्समध्ये जायचं. पातळी म्हणजे डोंगराची, असं मी धरून चाललो होतो. तिथेच गाडी घसरली.

आम्ही सातजण. मेव्हण्याने पूर्वी कधीतरी दोन दिवस स्कीइंग केलंय आणि त्यावर तो गेली अकरा वर्षं बोलतोय. वहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, गुडघा आहे. गुडघा सगळ्यांनाच असतो, पण त्यांच्या गुडघ्याला विचारल्याशिवाय घरात काही ठरत नाही. माझी मुलगी चौदाची, ती कशालाच भीत नाही. भाचा नऊ वर्षांचा, तो फक्त माझ्या मुलीला भितो. बायकोचा तोल उत्तम आहे आणि माझा नाही, असं बायको म्हणते. शिवाय अडुसष्ट वर्षांची आत्या. तिला मी कुणालाच न विचारता 'बघे' या सदरात टाकून मोकळा झालो.

गाव ठरवायलाच तीन आठवडे गेले. शेवटी स्वित्झर्लंडमधल्या वेंगनवर एकमत झालं, त्याला कारण तिथली रेल्वे. गावात मोटारींना मज्जाव. खालच्या लाउटरब्रुनेनहून दातेरी रुळावरची गाडी 1274 मीटरवरच्या गावात आणून सोडते, 1893 पासून सोडतेय. तीच गाडी पुढे 2061 मीटरवरच्या क्लायने शायडेकला जाते. म्हणजे ज्याला घसरायचं नाही त्यालाही वर जाता येतं, आयगर शिखराच्या उत्तर भिंतीसमोर बसता येतं आणि घसरणाऱ्यांच्या आधी जेवायला सुरुवात करता येते. शिकाऊ लोकांचा उतार गावाच्या मधोमध. ही सोय आहे की शिक्षा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पहिल्यांदा पडायचं तर आडबाजूला पडावं, चौकात कशाला?

मी काढलेली पहिली तारीख जानेवारीच्या मध्यावरची होती. गावात एक खोली शिल्लक नव्हती. तेव्हा कळलं की त्या सुमारास तिथे लाउबरहॉर्नची स्कीइंगची शर्यत असते. 1930 पासूनची परंपरा, जवळपास साडेचार किलोमीटरचा उतार, आणि चांगले खेळाडू तो अडीच मिनिटांच्या आसपास संपवतात. 2013 साली एकाचा वेग ताशी 161.9 किलोमीटर भरला होता. हे वाचून मेव्हणा म्हणाला, ''दाजी, एक दिवस आपण त्या बाजूला जाऊन येऊ.'' हा गृहस्थ जिन्यावरून उतरताना कठडा सोडत नाही.

तारीख मार्चमध्ये ढकलली. मग नकाशा. तिथे निळा उतार म्हणजे सोपा, लाल मध्यम, काळा अवघड. फ्रान्समध्ये निळ्याच्याही आधी हिरवा असतो, स्वित्झर्लंडमध्ये नाही. वहिनींनी दोनदा विचारलं, ''हिरवा खरंच नाही?'' जणू मीच तो खोडरबराने पुसला होता.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग स्की भाड्याने घ्यायचा अर्ज आला, आणि त्यात वजनाचा रकाना निघाला.

त्यात दुकानदाराचा काही दोष नाही. बूट स्कीला जिथे अडकतो त्या बाइंडिंगचा ताण प्रत्येकासाठी वेगळा लावावा लागतो. वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि माणूस कसा घसरतो, यावरून तक्त्यातला आकडा काढतात. ताण कमी पडला तर चालता चालता स्की निघून जाते. जास्त झाला तर माणूस पडतो पण स्की सुटत नाही, आणि मग पीळ गुडघ्याला बसतो. थोडक्यात, वजन खोटं सांगायची सोय नाही.

मी सगळ्यांसाठी एक तक्ता बनवला आणि घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला. चार तास कुणी श्वास घेतला नाही. मग वहिनींचा मेसेज आला आणि उघडेपर्यंत गेला. असं तीनदा झालं. 'हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे' या ओळीवरून वजन काढता आलं असतं तर काम सोपं झालं असतं. मेव्हण्याने मला एकट्याला आकडा कळवला, तो त्याच्या लग्नातला होता. बायको म्हणाली, ''माझं मी तिथे दुकानात सांगीन.''

''सगळ्यांसमोर?''

''जर्मनमध्ये.''

मुलीने मात्र ग्रॅमसकट वजन टाकलं आणि खाली लिहिलं, 'बाकीच्यांचं कुठंय?'

माझं वजन मी प्रामाणिकपणे भरलं, पण मला वयाने पाडलं. या तक्त्याचा एक नियम आहे: पन्नाशी गाठलेला किंवा नऊ वर्षांपर्यंतचा असेल तर आकडा एक पायरी खाली घ्यायचा. मी एक्कावन्न वर्षांचा. म्हणजे मी आणि भाचा एकाच सवलतीत. हे त्याला कळल्यापासून तो मला एकेरीत हाक मारतोय आणि स्कीची पुढची टोकं जवळ आणून पिझ्झाच्या तुकड्यासारखं थांबायचं कसं, ते दिवाणखान्यात मोजे घालून शिकवतोय.

शेवटचा रकाना घसरण्याच्या प्रकाराचा: पहिला सावकाश जाणाऱ्यांचा, दुसरा मधला, तिसरा जोरात जाणाऱ्यांचा. मेव्हण्याने तिसरा लिहिला. तिसऱ्याला ताण जास्त लावतात, हे मी त्याला समजावून सांगितलं. तो म्हणाला, ''अर्थात.'' म्हटलं, दुकानात पोचल्यावर तिथल्या माणसाच्या कानात सांगू.

रात्री साडेदहाला आत्याचा फोन.

''काय रे, सगळ्यांची वजनं विचारत फिरतोयस म्हणे. मला नाही विचारलंस?''

''आत्या, तू गाडीने वर जायचंस, उन्हात बसायचंस...''

''एकसष्ट किलो. पाच फूट एक इंच. वय तुला ठाऊक आहे. मी त्या गावातल्या उतारावरचं म्हणतेय, काळ्यावरचं नाही. लिहिलंस?''

लिहिलं.

''आणि ते सावकाश-जोरात काय आहे?''

''प्रकार आहेत तीन.''

''तुझ्या मेव्हण्याने कुठला लिहिलाय?''

''तिसरा.''

आत्या जरा थांबली.

''मग माझा दुसरा लिही.''